पाच गोवऱ्या, अठ्ठ्याहत्तर अंगठे

माझ्या मोठ्या बहिणीनं, जिला आम्ही घरात सगळे बाई म्हणतो, मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. तिच्या सुनेला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले, बाळंतपण नीट झालं, नात आणि सून दोघी सुखरूप घरी आल्या. आता नवस फेडायचा राहिला होता. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं हवामान, पृथ्वी, पुढच्या पिढ्या, सभ्यता असे मोठमोठे शब्द इतके येणार आहेत, की मूळ गोष्ट एका बाईच्या नवसाची होती हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहणार नाही. गावाच्या तर राहिलंच नव्हतं.

गाव आमचं खामगाव तालुक्यातलं, पिंपळगाव राजाच्या अलीकडचं, सव्वाशे घरांचं. मी स्वतः तालुक्याच्या गावी एका जिनिंगच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. कापसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी करायची. उभा जन्म हेच केल्यामुळं मला माणसांच्या बोलण्याचीही तशीच सवय लागली आहे. बोललं किती ते एकीकडं आणि बोलणारा रिकामा केल्यावर उरतो किती ते दुसरीकडं. वजाबाकी बहुतेक वेळा फार छोटी येते.

रोडगे म्हणजे कणकेचे पदर लावून केलेले जाड गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तूप घालून वरण, वांग्याच्या भाजीशी खायचे. वऱ्हाडात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गावाची एक रीत मात्र बाकीकडं मी पाहिलेली नाही. नवस करणाऱ्यानं कणीक, डाळ, वांगी, तूप द्यायचं, पण विस्तव गावाचा. जेवायला येणाऱ्या प्रत्येक घरानं आपल्या घरच्या पाच गोवऱ्या आणायच्या आणि मारुतीसमोरच्या ढिगावर आपल्या हातानं ठेवायच्या. ज्या घराच्या गोवऱ्या आल्या नाहीत ते घर नवसात नाही. ज्यांची घरं कुलूपबंद आहेत, माणसं पुण्या-मुंबईला आहेत, त्यांच्या नावानं शेजारी टाकतात. एखादं घर रागावून बसलं की आधी त्याची समजूत काढायची, मगच काडी ओढायची. माझ्या आठवणीत एकदा दोन भावांच्या बांधाच्या भांडणापायी रोडगे दुपारपर्यंत कच्चे बसून राहिले होते आणि गाव उपाशी.

आता गावाच्या मोबाईलमधल्या ग्रुपविषयी. तो गुलाबी बोंडअळीच्या वर्षी निघाला. बीटी आलं तेव्हा सांगितलं होतं की आता बोंडात अळी शिरणारच नाही, आणि त्या वर्षी बोंड फोडावं तर आत सरकी पोखरलेली. त्या वेळी माहिती एकमेकांना कळावी म्हणून बसस्टँडवर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान असलेल्या एका तरुणानं ग्रुप काढला. तोच त्याचा अ‍ॅडमिन. अळीची माहिती दोन-चार आठवडे आली. मग वाढदिवस आले, सुविचार आले, आणि मग गाव सोडून गेलेले लोक आले. त्यांत पुण्यात स्थायिक झालेले, नोकरीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर होते. गावात सगळे त्यांना साहेब म्हणतात. माणूस हुशार. सकाळी फिरून आल्यावर ते रोज पृथ्वीच्या तापमानावर लिहू लागले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ऊन वाढलंय. पाऊस येतो तेव्हा बांध फोडतो आणि नाही येत तेव्हा पेरणी पुन्हा करायला लावतो. गोवऱ्यांचा धूर छातीला वाईट, हेही खरंच. बाईचा खोकला मी लहानपणापासून ऐकतोय. साहेबांचं चुकत होतं ते एवढंच, की त्यांच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘आपण सर्वांनी थोडा त्याग करायला हवा’ असं वाक्य यायचं, आणि त्या ‘आपण’मध्ये ते कधीच नसायचे. पऱ्हाटी जाळू नका. म्हणजे ज्यांच्याकडं कापसाची वाळली झाडं आहेत त्यांनी. चूल पेटवू नका. म्हणजे ज्यांच्याकडं चूल आहे त्यांनी. साहेबांकडं पऱ्हाटी नव्हती आणि चूलही नव्हती, त्यामुळं त्या दोन्ही गोष्टी त्यांनी पूर्ण सोडल्या होत्या.

बाईच्या रोडग्यांची तारीख ठरली, माघातला शनिवार. तसं अ‍ॅडमिननं ग्रुपवर टाकलं. तासाभरात साहेबांचा लेख आला. बहिणीच्या भावनांचा पूर्ण आदर राखून त्यांनी सुचवलं होतं, की या वर्षी गावानं एक आदर्श घालून द्यावा. धूरमुक्त रोडगे. कणीक तीच, श्रद्धा तीच, फक्त भाजायचं तालुक्यातल्या एका बेकरीच्या भट्टीत. खाली हात जोडलेले.

मग जे सुरू झालं ते वाचताना मला काट्यावर हसू आवरेना. एकानं लिहिलं, प्रेशर कुकरमध्ये शिट्टी काढून ठेवली तर छान होतात. दुबईतल्या एकानं ओव्हनचं तापमान कळवलं. एका वहिनींनी त्यावर चीज किसून घालायला सुचवलं, ते बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपसाठी होतं. शेवटी साहेबांनी मत मागवलं आणि लोकांनी अंगठे दिले. मी मोजले. अठ्ठ्याहत्तर. त्यांतले निम्म्याच्या वर गावात राहणाऱ्यांचे होते, ज्यांच्या अंगणात गोवऱ्यांचे ढीग रचलेले होते. अंगठा द्यायला वाकावं लागत नाही.

बाई त्या ग्रुपवर नाही. तिला हे शेजारणीकडून कळलं.

‘भट्टीत भाजलेला तो रोडगा नाई,’ ती मला फोनवर म्हणाली, ‘तो पाव आहे. मारुतीले पाव चारू का मी?’

‘तू कशाला मनावर घेतेस? लोक बोलतात.’

‘बोलून राह्यले असते तं चाललं असतं रे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं पाहता येते. हे तं लिहून राह्यले.’

भाऊजी, म्हणजे बाईचे मालक, ग्रुपवर होते. साहेब आणि ते एका वर्गातले, एका विहिरीत पोहायला शिकलेले. भाऊजींना टाइप करता येत नाही, फोनला बोलून लिहायला लावतात. त्यांनी फोनला जे सांगितलं ते फोननं जसंच्या तसं लिहिलं:

‘काऊन बे पुन्याच्या, तू तुह्या घरातली गार हवा एक उन्हाळा बंद ठेवतं का? ठेव अन् फोटू टाक. मंग मी माह्या बायकोले सांगतो चूल इझव म्हनून.’

प्रश्न सरळ होता. उत्तर हो किंवा नाही असं देता आलं असतं. पण उत्तर कोणीच दिलं नाही. सगळे ‘बे’वर तुटून पडले. भाषा पाहा. संस्कार पाहा. वडीलधाऱ्यांशी असं बोलतात? (दोघांचं वय एकच.) एकानं लिहिलं, ‘अशिक्षितपणाची कीव येते,’ आणि खाली हात जोडले. दुसऱ्यानं लिहिलं, ‘आपल्या बुद्धीच्या आवाक्याबाहेरचा विषय आहे, आपण राहू द्यावं,’ आणि खाली हात जोडून शिवाय एक गुलाबाचं फूल ठेवलं. ही दोन्ही वाक्यं सभ्य ठरली. ज्या माणसाला लहानपणापासून ‘बे’ म्हणूनच हाक मारली त्याला तसंच विचारलं, ते असभ्य ठरलं. ग्रुपची शिस्त मोडल्याबद्दल अ‍ॅडमिननं भाऊजींना काढून टाकलं आणि ‘चर्चा सभ्य पातळीवर राहावी’ अशी विनंती केली. चर्चा इतकी सभ्य पातळीवर राहिली, की त्यानंतर कोणी काही बोललंच नाही.

मला या सभ्यतेचा फार तिटकारा आहे. काट्यावर रोज माणसं माझ्यावर ओरडतात. माझ्या गाडीचं वजन कमी काढलं, पुन्हा चढव, डोळे तपास. मी पुन्हा चढवतो, आकडा दाखवतो, माणूस गप्प होतो किंवा मी चुकलेला असतो. त्या आरडाओरड्यात एक तरी प्रश्न सुटतो. ग्रुपवर मात्र फुलं आणि हात यांच्याखाली प्रश्न पुरून टाकायची सोय आहे.

एक हिशेब मीही मांडून पाहिला होता. सव्वाशे घरांच्या पाच-पाच गोवऱ्या म्हणजे साधारण दोन क्विंटल शेण, तेही यंदाच्या गवताचं. आणि पुण्याहून एक मोटार इथं येऊन परत जायची तर पन्नास-साठ लिटर तेल. दोन्ही जळणंच, पण गवत पुढच्या पावसात पुन्हा उगवतं. मी हे ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती व्यक्तिगत टीका झाली असती, आणि मला कोणी काढून टाकायच्या आधी शे-दोनशे हात माझ्यासमोर जोडले गेले असते.

इथवर कोणालाही वाटेल, की भाऊजी बरोबर आणि साहेब चूक. मलाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात गावातल्या तरुण पोरांचं जे मंडळ पंगती वाढतं, त्यानं जाहीर केलं, की ग्रुपचा ठराव झाल्यामुळं मंडळ तटस्थ राहील. तटस्थ म्हणजे वाढायला येणार नाही. बाई घाबरली. सुट्टीच्या दिवशी मी गावी गेलो आणि रीतीप्रमाणे कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर आमंत्रण द्यायला तिच्यासोबत फिरलो.

दारोदार एकच बोलणं. ‘शनिवारी रोडगे, गोवऱ्या घेऊन या.’ ‘हाव ना बाई, येतो ना, काऊन नाई येऊ?’ ज्यांचे अंगठे मी मोजले होते ती सगळी तोंडं अगदी मोकळेपणानं हसत होती. अ‍ॅडमिनच्या आईनं तर विचारलं, ‘पाच पुरतीन ना, का दहा आनू?’ मी म्हटलं, ‘काकू, तुमच्या मुलानं तर धूरमुक्त ठरवलंय.’ त्या म्हणाल्या, ‘ते मोबाईलमंदी ठरवलं हो. हे तं गावातलं आहे.’

म्हणजे अठ्ठ्याहत्तर अंगठ्यांपैकी एकालाही आपण दिलेला अंगठा स्वतःवर लागू होतो असं वाटत नव्हतं. बाईचा जीव भांड्यात पडला. माझं मन उलट तुच्छतेनं भरून गेलं. ज्या लोकांचा होकार इतका हलका, त्यांचा नकार तरी काय वजनाचा असणार?

नकार फक्त एका घरून आला. भाऊजींच्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे ते एक मुसलमान शेतकरी. गावात सगळे त्यांना चाचा म्हणतात, बाई भाऊ म्हणते. ते वांगी आणि कापूस दोन्ही करतात. गावच्या दर रोडग्यांना वांगी त्यांच्याच वाडीतून जातात आणि गोवऱ्याही. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, ‘बाई, वांगे लागतीन तेवढे घेऊन जा. गोवऱ्या नाई देत औंदा.’

‘काऊन भाऊ? त्या मोबाईलवाल्याइचं ऐकलं का तुमी बी?’

‘मोबाईलवाल्याइले कोन इचारते! हे माह्यं अन् तुमच्या मालकाचं आहे. डिसेंबरपासून सांगून राह्यलो, भाऊ, पऱ्हाटी उपट. हसते. म्हनते, अजून दोन वेचे निंघतात. निंघतीन ना! कापूस तुमच्या घरी जाते अन् अळी जूनमंदी माह्या वावरात पाहुनी येते. पाहुनचार मलेच करा लागते.’

बाईनं करंड्याचं झाकण लावलं. तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. वेचणी संपली तरी पऱ्हाटी उभी ठेवायची, पाणी द्यायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उरलीसुरली बोंडं वेचायची, याला फरदड म्हणतात. तिच्यात अळीला उन्हाळाभर घर मिळतं. बोंडअळीच्या वर्षानंतर सगळ्या गावानं मारुतीच्या पारावर बसून ठरवलं होतं, की डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची. भाऊजीही त्या बैठकीत होते. मान त्यांनी सगळ्यांत जोरात हलवली होती.

आणि हे काही नवीन नव्हतं. बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी एकशेवीस ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची. तिच्यात साधं, बीटी नसलेलं बियाणं. ते वावराच्या कडेनं पेरायचं, अळीला खायला सोडायचं, म्हणजे ती अळी बीटीला सरावत नाही. आपल्या वावरातली चार तासं, म्हणजे चार ओळी, किडीला सोडा म्हणजे सगळ्यांचं पीक वाचेल, एवढाच त्या पुडीचा अर्थ होता. आमच्या भागात ती पुडी पेरलेली मी पाहिली नाही. कोणी बांधावर फेकून दिली, कोणी कोंबड्यांना टाकली. प्रत्येकाला वाटलं, शेजारी पेरेल. शेजाऱ्याला आपल्याविषयी तसंच वाटत होतं. अळी सरावली, तेव्हा सगळ्यांनी मिळून कंपनीला शिव्या दिल्या. कंपनीला द्यायच्या त्या द्याव्यातच, पण ती पुडी कंपनीनं फेकली नव्हती.

तेव्हा साहेबांनी पुण्यात बसून गावाच्या चुली विझवल्या, याचा मला राग आहेच. पण गावानं आपापल्या बांधावर उभं राहून वेगळं काय केलं? ज्यानं आपल्या हातातलं सोडायचं होतं त्यानं ते सोडलं नाही. शेजाऱ्याच्या हातातलं सोडायला मात्र सगळे तयार.

घरी आलो तेव्हा भाऊजी ओसरीवर बसून अजून साहेबांवरच बोलत होते. बाईनं करंडा खाली ठेवला.

‘चाचाच्या गोवऱ्या येत नाईत,’ ती म्हणाली.

‘न येवो. एका घरानं का होते?’

‘एक घर कमी आलं तं नवस पुरा होते का?’

‘होते ना. मारुती का हजेरी घेते?’

‘मारुती नाई घेत. मी घेते. पऱ्हाटी उपटा, नाई तं रोडगे होत नाईत.’

भाऊजी एकदम मऊ आवाजात आले. ‘अवं, हिरवी आहे ते. बोंडं लागेल आहेत. उभं पीक उपटलं तं पाप लागते.’

‘तुमाले पऱ्हाटीचं पाप लागते. शेजाऱ्याचं नाई लागत.’

मग त्यांनी मला मध्ये ओढलं. ‘साळेबुवा, तू आकड्याचा मानूस आहेस. सांग हिले, किती कापूस जाते ते.’

मी सांगितलं. ‘दोन क्विंटल, फार तर सव्वादोन. आणि तोही कवडी, पिवळा पडलेला, किडका. दर वर्षी या दिवसांत तुमचा कापूस माझ्याच काट्यावर येतो. व्यापारी मूठभर उचलतो, तोंड वाकडं करतो आणि परत टाकतो.’

‘तू बी तिकडचाच,’ भाऊजी म्हणाले.

त्यांना ग्रुपमधून काढलं होतं, पण त्यांचा तो मेसेज माझ्या फोनवर होता. मी तो काढला आणि मोठ्यानं वाचला, फक्त एक जागा बदलली. ‘काऊन बे भाऊजी, तू तुह्या वावरातली फरदड एक उन्हाळा बंद ठेवतं का? ठेव अन् फोटू टाक.’ बाई आधी तोंडाला पदर लावून आणि मग पदर सोडून हसली. आत सून हसली. भाऊजींनी मला, माझ्या जिनिंगला आणि माझ्या काट्याला जे काही म्हटलं ते ग्रुपवर चाललं नसतं. पण उत्तर त्यांनाही देता आलं नाही. साहेब निदान चारशे किलोमीटरवर होते, भाऊजी ओसरीवर होते. उठून जायला त्यांना जागा नव्हती.

शुक्रवारी ट्रॅक्टर आला. भाऊजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तोंड पाडून उभे राहिले आणि पऱ्हाटी उपटली गेली. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. पऱ्हाटी उपटली ती पृथ्वीसाठी नव्हे, पुढच्या पिढ्यांसाठी नव्हे, शेजाऱ्याच्या प्रेमाखातर तर नव्हेच. बायको काडी ओढणार नाही म्हणून. पलीकडे वांग्याच्या वाडीत चाचा पाणी देत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ते पाहत होते.

‘झालं का समाधान?’ भाऊजी तिकडं ओरडले.

‘मुळं राह्यले तिकडच्या कोपऱ्यात,’ चाचा तिकडून म्हणाले.

शनिवारी सकाळी मारुतीसमोर ढीग लागायला लागला. बायका पदराखाली टोपली घेऊन येत होत्या, गडी पोत्यातून आणत होते. धूरमुक्तीला अंगठा दिलेल्यांपैकी मला एकही घर कमी दिसलं नाही. उलट बहुतेकांनी पाचाच्या जागी सात-आठ आणल्या होत्या. थोडी लाज वाटली असावी आणि लाजेचं जळण जास्तच लागलं. तटस्थ राहिलेलं मंडळ वांगी चिरायला बसलं होतं. अ‍ॅडमिन कढईजवळ होता. मी विचारलं, ‘ठरावाचं काय झालं?’ तो म्हणाला, ‘काका, ते लाँग टर्म आहे.’

ढीग इतका मोठा मी पूर्वी पाहिला नव्हता. त्या दिवशी गावात जो धूर झाला तो आतापर्यंतच्या कुठल्याही रोडग्यांपेक्षा जास्त होता, हे मी नुसत्या अंदाजानं नव्हे तर ढिगाच्या उंचीवरून सांगतो.

चाचा अजून आले नव्हते. बाई हातात काडेपेटी घेऊन उभी होती आणि रस्त्याकडं पाहत होती. मागून पोरांची कुजबुज, ‘पेटव ना काकू, भूक लागली.’ तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून साहेब. मी जरा बाजूला झालो. मला वाटलं, आता आदर्शाविषयी ऐकावं लागणार.

‘अरे,’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘आमच्या घरच्या पाच टाकल्या का कोनी?’

त्यांचं वऱ्हाडी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, ‘टाकल्या. बाईनं स्वतः टाकल्या. दर वेळी तीच टाकते.’

‘हाव का. बरं झालं.’ मग त्यांनी विचारलं, ‘वास येऊन राह्यला का?’

‘अजून पेटवलं नाही.’

‘पेटवलं की सांग,’ ते म्हणाले. आणि मग पुन्हा पुण्याच्या आवाजात, ‘हे ग्रुपवर नको.’

मला त्या माणसाची थोडी दया आली असती, पण शेवटच्या वाक्यानं ती गेली.

चाचा सायकलवरून आले. मागं वांग्याचं पोतं, पुढं पिशवी. पिशवीतून त्यांनी गोवऱ्या काढल्या आणि भाऊजींकडं न पाहता ढिगावर ठेवल्या. बाईनं काडी ओढली. भाऊजी ढिगाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून डोळे चोळत होते. धुरानं असेल. नात सुनेच्या खांद्यावर झोपली होती. बाई पहिला रोडगा मारुतीपुढं ठेवून खूप वेळ वाकलेली राहिली, इतका वेळ की मला वाटलं तिला उठायला हात द्यावा.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. पत्रावळी, वरण, हसणारी माणसं. प्रत्येक फोटो असा कापलेला, की आगीचा ढीग कुठंच नाही. खाली अ‍ॅडमिननं लिहिलं, ‘धूरमुक्त गावाकडे पहिलं पाऊल.’ साहेबांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. अंगठे आले. या वेळी मी मोजले नाहीत. पोटभर जेवल्यावर अ‍ॅडमिनला उदारपणा आला होता, त्यानं भाऊजींना माफीशिवाय परत घेतलं.

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन फोटो काढला. उघडी जमीन, धुऱ्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचा हिरवा ढीग, कोपऱ्यात पलीकडच्या वाडीची वांगी. तो त्यांनी ग्रुपवर टाकला आणि फोनला बोलून खाली लिहायला लावलं, ‘उपटली बे. फोटू टाकला. आता तुही पाळी.’

संध्याकाळ झाली. मग साहेबांकडून दोन हात जोडलेले आले. मागं शब्द नाही, पुढं शब्द नाही. मी वाट पाहिली. उन्हाळा आला, गेला. ते हात अजून तसेच आहेत.

ते हात आले त्या संध्याकाळी बाई भांडी घासत होती. तिनं विचारलं, ‘काय म्हने पुन्याचा?’

‘हात जोडले,’ मी म्हटलं.

‘मारुतीपुढं जोडाचे ते तथी मोबाईलमंदी जोडून राह्यला,’ ती म्हणाली आणि राखेची मूठ पातेल्यात टाकून घासायला लागली.